आईला सोबत हवी होती

आमच्या घरी सकाळ व्हायची ती अंगावरची रजई ओढली गेली म्हणजे. ओढणारे अर्थात बाबा. दिल्लीच्या थंडीत रजई सोडणं काय असतं, ते पुण्यामुंबईकडच्या माणसाला सांगून कळायचं नाही. बाहेर इतकं दाट धुकं, की समोरच्या ब्लॉकच्या जिन्यातला दिवा नुसता पिवळा डाग होऊन राहायचा. स्वयंपाकघरात आईने अंगीठी पेटवलेली असायची, तिच्या कोळशाचा आणि चिरलेल्या मेथीचा वास दोन्ही खोल्यांतून फिरायचा. आणि बाबा अर्धी चड्डी नि बनियन घालून, तळहात एकमेकांवर चोळत म्हणायचे, "निमे, ऊठ. सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही." सूर्य मुळात आलेलाच नसायचा. आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरसमोर एक मैदान होतं. तिथे बाबा धुक्याकडे तोंड करून सूर्यनमस्कार घालायचे आणि त्यांच्यामागे कॉलनीतली आठदहा माणसं. एक बंगाली, एक मद्रासकडचे, आमच्या वरच्या मजल्यावरचे चोपडाजी, आणि बाकीची मराठी घरांतली. सगळी केंद्र सरकारची माणसं, दिवसभर फायलींवर वाकायची आणि सकाळी बाबांच्या हुकमावर. चोपडाजी मफलर न काढता नमस्कार घालत आणि "मित्राय नमः" असं दणकून म्हणत, की दुधाच्या रांगेतले लोक वळून बघायचे.

व्यायामाबद्दल बाबांची मतं ठाम होती, आणि ती ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणाचा चहा संपत नसे. सर्दी आळशी माणसाला होते. पाठ दुखते ती खुर्चीवर प्रेम करणाऱ्याची. औषधाची बाटली घरात ठेवली की आजार तिचा वास काढत येतो. संध्याकाळी जोडीने फिरायला निघणाऱ्या लोकांची तर ते कीव करायचे. "चालणं हा व्यायाम नव्हे, ती वाहतूक आहे," असं त्यांचं म्हणणं. पाय मोकळे करायला जातो म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी पेन्शनीत निघालेलाच. मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते, पण कॉलनीत त्यांना त्या नावाने कुणी ओळखत नसे. "वो कसरतवाले दातार साहब," असंच म्हणायचे, आणि बाबांना ते मनातून फार आवडायचं.

आईने आयुष्यात एकही सूर्यनमस्कार घातला नाही. बाबांनी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात प्रयत्न केला होता म्हणे. तिने पदर खोचला, एकदा वाकली, आणि "दूध उतू जातंय," म्हणून जी आत गेली ती परत आली नाही. आई कमी बोलायची. दुपारी सगळ्या ब्लॉकमधल्या बायका उन्हात खाटा टाकून विणायला बसायच्या, मटार सोलायच्या, शेंगदाणे फोडत जगाची खबर घ्यायच्या. आई तिथेही मटार सोलायची, पण सोलून झाले की पातेलं उचलून घरात. कुणाकडे गेली तर दारातल्या दारात काम सांगून परत. तिला घमेंडखोर म्हणणाऱ्या बायका होत्या, पण ती घमेंडखोर नव्हती. तिचं खरं बोलणं दोघांशीच चालायचं, देवाशी आणि गल्लीतल्या कुत्र्यांशी. उरलेली पोळी ती कुस्करून दुधाच्या डेपोच्या वाटेवर घालायची. त्यामुळे पहाटे ती बाटल्या घेऊन निघाली, की तीनचार कुत्री शेपट्या हलवत तिच्यामागून चालायची.

अशा घरात हार्ट अ‍ॅटॅक आला आणि तो बाबांना आला. दसऱ्याच्या सुमाराला, ऑफिसात, टेबलाशी बसल्या बसल्या. दुसरा कुणी असता तर त्याने सहकाऱ्याला सांगितलं असतं. बाबांना वाटलं गॅस झाला. ते उठले, बसने घरी आले, आणि गॅस मोकळा व्हावा म्हणून आतल्या खोलीत सतरंजी घालून त्यांनी नमस्कार सुरू केले. घाम आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं. पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांना त्यांनी हे जरा अभिमानानेच सांगितलं. त्यावर त्या शांत माणसाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "दातार जी, आप जिंदा हैं, यह आपकी कसरत की वजह से नहीं, कसरत के बावजूद है." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बाबांचा चेहरा वर्गात अंगठे धरायला लावलेल्या मुलासारखा झाला होता.

घरी आले ते खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. तिथे बसले ते बसलेच. सुरुवातीला विश्रांती सांगितली होती, ती संपली तरी ते उठेनात. मैदानाकडच्या खिडकीचा पडदा त्यांनी ओढून घेतला होता. सकाळी बाहेर चोपडाजींचा आवाज आला, की ते वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरायचे. भेटायला येणाऱ्यांना आई आत बसवायची आणि बाबा झोपल्याचं सोंग करायचे. पहिल्याच आठवड्यात चोपडाजी संत्र्यांची पिशवी घेऊन आले होते आणि अगदी निर्मळ मनाने म्हणाले होते, "आप को हार्ट? दातार साहब, आप को? यार, हम तो सोचते थे पहला नंबर हमारा लगेगा!" ते स्वतः हसले, आईही हसली. बाबा हसले नाहीत. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना अ‍ॅटॅकपेक्षा जास्त लागलं. त्यांना दुखण्याची भीती नव्हती, लाज वाटत होती. इतकी वर्षं ज्यांना रजईतून ओढून काढलं, त्यांच्यासमोर मफलर गुंडाळून कसं जायचं?

डिसेंबरात तपासणी होती. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, काढली, आणि सरळ विचारलं, "रोज कितना चलते हैं?" बाबा शर्टाची बटणं लावू लागले. आई म्हणाली, "बिल्कुल नहीं चलते." तेव्हा डॉक्टर बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "देखिए, आराम हो गया. अब चलिए. धीरे-धीरे, रोज, हर हफ्ते थोडा ज्यादा. थक जाएँ तो बैठिए, साँस ठीक हो तो उठिए. हाथ में छडी रखिए. नहीं चलेंगे तो वह कुर्सी ही आपकी दुनिया हो जाएगी. ऑफिस भूल जाइए." घरी आल्यावर आईने कपाटावरची काठी काढून पुसून खुर्चीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती परत कपाटावर होती. आईने चालायचा विषय काढला की बाबा म्हणायचे, "उद्या बघू." मी काढला तर म्हणायचे, "अभ्यास कर." जेवण बिनमिठाचं, तूप बंद, मुगाची खिचडी आणि दुधीची पातळ भाजी. ते न बोलता जेवायचे. त्यांचे दंड सैल पडलेले मला दिसायचे आणि मी दुसरीकडे बघायची. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते. आपले बाबा असेच त्या खुर्चीत संपून जाणार, हे मला त्या वयात अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग संक्रांत आली. आमच्या कॉलनीतल्या मराठी पुरुषांचा त्या दिवशी पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, जायचा नेम होता. बस बाबा ठरवायचे, डबे बाबा मोजायचे, आणि तिथे पोचण्याआधी थोडं अलीकडे बस थांबवून सगळ्यांना लोकरी पँटींसकट दौडत न्यायचेही तेच. आपली माणसं जिथे पडली तिथे बसमधून आरामात उतरायचं नाही, असा त्यांचा कायदा. दगडासमोर उभं राहून सगळे डोकी टेकवत, मग शेतात बसून गुळाच्या पोळ्या खात. त्या वर्षी बस सकाळी आमच्याच ब्लॉकखाली उभी राहिली. खालून कुणीतरी हाक मारली, "दातार, येताय ना? बसूनच या, कुणी पळायला लावणार नाही!" पुन्हा सगळे हसले. बाबांनी आईला खुणेने सांगितलं, झोपलोय म्हणून सांग. आई बाल्कनीत गेली आणि तसं सांगून आली. बसचा आवाज वळणापलीकडे गेला तरी बाबा वर्तमानपत्राच्या त्याच पानावर होते. आई स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होती. दिल्लीचा गूळ मऊ, त्याचा पाक तिच्या हाताला कधी वश झाला नाही. वड्या कधी लोळागोळा व्हायच्या, कधी दगड. त्या दिवशी दगड झाल्या होत्या. ती लाटण्याने त्या फोडत होती आणि नेहमीपेक्षा जोरात फोडत होती.

दुपारी तिने हात धुतले, केस विंचरले, चांगलं पातळ नेसली आणि बाबांसमोर येऊन उभी राहिली. हातात कुंकवाचा करंडा होता. आमच्याकडचं हळदीकुंकू दर वर्षी रथसप्तमीला, म्हणजे संक्रांतीपासून चालणाऱ्या हळदीकुंकवांतलं शेवटचं. त्याचं बोलावणं घरोघर तोंडी करायचं, बाईच्या कपाळाला कुंकू लावून. दिल्लीत मराठी घरं शेजारीशेजारी नव्हती, एक या सेक्टरात तर एक त्या. त्यामुळे आई दर वर्षी हे काम माझ्यावर ढकलायची. "दारातच उभी राहा, कुंकू लाव, दिवस सांग आणि ये," एवढी सूचना, आणि एकदोन संध्याकाळींत सगळं उरकायचं. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "बोलावणं करायला जायचंय. निमाची परीक्षा जवळ आली, यंदा मीच जाते."

"जा की," बाबा म्हणाले.

"एकटी कशी जाऊ? तिकडे कुत्री फार झालीत."

बाबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "कुत्री? तुला?"

"काल एक अंगावर आलं," आई म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती करंड्याकडे बघून बोलली. "नुसतं सोबत चला. आत यायला नको. बायकांचं काम, तुम्ही बाहेरच थांबा."

मी पुस्तकात डोकं घालून श्वास रोखून बसले होते. मग बाबा म्हणाले, "माझी कानटोपी कुठे आहे?" आईने टोपी दिली आणि कपाटावरची काठीही काढून दिली. "कुत्र्यांसाठी," ती म्हणाली. आजाऱ्याची काठी म्हणून जिला त्यांनी हात लावला नव्हता, ती कुत्र्यांसाठी म्हटल्यावर त्यांनी मुकाट घेतली. टोपी आणि मफलर यांत फक्त डोळे दिसत होते. दिल्लीच्या जानेवारीत निम्मी दिल्ली तशीच दिसते, त्यामुळे त्यांना कुणी ओळखण्याची भीती नव्हती. ते जिना उतरले, एकेक पायरी, कठड्याला धरून. आई दोन पायऱ्या मागे होती आणि मुद्दाम सावकाश उतरत होती.

त्या दिवशी ती दोघं शेजारच्याच ब्लॉकपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या. आई एका दिवशी एकच घर घ्यायची. "कुंकू लावून पळून येणं बरं दिसत नाही," हे तिचं नवं म्हणणं. शाळेतून लवकर आले तर मीही जायची. कुत्री अर्थातच भेटायची आणि आईला बघून आनंदाने धावत यायची. आई झटकन बाबांच्या मागे व्हायची. बाबा काठी आपटून "हाड्!" म्हणायचे, आणि ती बिचारी गोंधळून बाजूला बसायची. पोळी घालणाऱ्या बाईला झालंय काय, हे त्यांना कळत नसावं. मलाही कळत नव्हतं. मला वाटलं, आईला बाबांच्या आजारपणाने खरंच काहीतरी झालंय.

आता माझी मुलगी गुरुग्रामला एका उंच इमारतीत नोकरी करते. तिने गेल्या दिवाळीत मला मनगटावर बांधायचं एक घड्याळ दिलं. मी फार वेळ बसले की ते थरथरतं, चालले की शाबासकी देतं. मुलगी फोनवर विचारते, "आई, आज मोटिव्हेशन कसं आहे?" मी म्हणते, छान आहे. घड्याळ चांगलं आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते थरथरलं की माझ्या मनात येतं, याने बाबांना एका दिवसात चिडवलं असतं, आणि त्यांनी ते काढून कपाटावर ठेवलं असतं.

त्या वर्षी बोलावण्याला गेल्यावर लोकांच्या घरात काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे, आणि तेव्हा मला त्याची भयंकर लाज वाटायची. बाबा बाहेर थांबायचे. कॉलनीत प्रत्येक ब्लॉकपुढे गटारावर बांधलेली एक पुलिया असायची, तिच्या कट्ट्यावर ते बसायचे. आत आई खिडकीजवळची जागा धरायची. कुंकू लावून व्हायचं, दिवस सांगून व्हायचा, पुढे गप्पा. आणि आईला गप्पा मारता येत नसत. पेंडसेकाकूंना तिने गुळाच्या पोळीची कृती विचारली. वड्या बिघडत, पण आईच्या गुळाच्या पोळ्या सगळ्या कॉलनीत नावाजलेल्या. काकू हुरळून जाऊन सांगू लागल्या. आई "अच्छा, अच्छा," करत खिडकीतून बाहेर बघत होती. काकू बेसन भाजण्यापर्यंत आल्या आणि आई एकदम उठली. "बरं, येते हं," म्हणून वाक्याच्या मध्येच चपला घातल्या. काकूंचा चेहरा बघवेना. दुसऱ्या एका घरी तिने स्वेटरचा टाका शिकवायला सांगितला आणि सुई हातात घेतल्याबरोबर परत दिली. बायकांत बोललं जाऊ लागलं, की दातारबाई हल्ली फार बसतात, आणि उठतात त्या भूत बघितल्यासारख्या. आयुष्यभर दारातून परतणाऱ्या बाईबद्दल हे ऐकणं मला नको वाटायचं. आईच्या कानावर ते नक्की गेलं होतं. तिने काही दाखवलं नाही.

घरं दूरदूरची होत गेली. बाबांचं पडदा ओढणं सुटलं नव्हतं, पण दुपार कलली की ते घड्याळाकडे बघायचे आणि आईने विचारायच्या आधीच टोपी शोधायचे. "आज कुणाकडे?" असं विचारायचे, जरा वैतागल्यासारखं. सगळ्यात शेवटी साळवेबाई. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती, शाळेत शिकवायच्या, आणि राहायच्या पलीकडच्या सेक्टरात चढावर अगदी वरती. आई दर वर्षी त्यांना बोलवायची. कुंकू लावायची नाही, हातावर तिळगूळ ठेवायची आणि दिवस सांगायची. "इतक्या लांब मराठी ऐकायला मिळतं, तेवढं पुरे," असं साळवेबाई म्हणायच्या. त्या चढावर बाबा मध्ये एकदा थांबले, चपलेतला खडा काढल्यासारखं करून. वर पोचल्यावर पुलियावर बसले. त्या दिवशी आई आत इतका वेळ बसली, की साळवेबाईंनी दुसऱ्यांदा चहा टाकला.

रथसप्तमीला आमच्या दोन खोल्या बायकांनी भरून जायच्या. पुढच्या खोलीत सतरंजी, मधे हळदीकुंकवाचं तबक, तिळगुळाची परात, वाण म्हणून द्यायच्या छोट्या चाळण्या आणि उसाचे करवे. पुरुषाला त्या घरात थारा नसे. वेताची खुर्चीसुद्धा आईने भिंतीकडे सरकवली. बाबांनी तेवढा वेळ वर चोपडाजींकडे जाऊन बसायचं असं ठरलं होतं, आईने तसं चोपडाजींना सांगूनही ठेवलं होतं. बाबा टोपी घालून बाहेर पडले तेव्हा पहिल्या बायका जिन्यात होत्या. खोली हसण्या-बोलण्याने, अत्तराने आणि बांगड्यांच्या आवाजाने भरली. बऱ्याच वेळाने चोपडाजी दारात आले, बायका बघून तिथेच अडखळले, आणि आईला म्हणाले, "भाभीजी, दातार साहब आए नहीं? चाय ठंडी हो गई."

आईची कुंकवाने भरलेली बोटं तशीच हवेत राहिली. इतक्या बायका सोडून ती जाऊ शकत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी चपला न घालताच जिन्याकडे धावले. पहिल्यांदा मैदानात गेले. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. मला वाटलं होतं, बाबा कुणी नाही बघून नमस्कार घालायला गेले आणि तिथेच पडले. ते तिथे नव्हते. मग मी बोलावण्याची वाट धरली. शेजारचा ब्लॉक, त्याच्या पुढचा, पेंडशांची पुलिया, स्वेटरवाल्यांचं घर. सगळीकडे कुलपं, कारण सगळ्या बायका आमच्याकडे. चढाला लागले तेव्हा मी रडत होते, हे सांगायला हरकत नाही. वर साळवेबाईंच्या बंद क्वार्टरसमोर, पुलियाच्या कट्ट्यावर, काठी गुडघ्यांमध्ये धरून बाबा बसले होते. पायाशी एक कुत्रं झोपलं होतं.

"अनवाणी आलीस?" ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. बाबा समोरच्या बंद दाराकडे बघत होते.

"आज एकटाच आलो," ते म्हणाले. "पेंडशांच्या पुलियाशी दम लागला. बसलो. किती वेळ बसायचं ते कळेना. मग म्हटलं, तुझी आई तिथे जितका वेळ बसते तितका वेळ बसू. उठलो तर दम गेलेला. पुढच्या घराशीही तसंच. इथला चढ मोठा, म्हणून इथे ती जास्त बसते." "निमे, तुझी आई गप्पा मारणारी बाई आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"या कुत्र्यांना पोळी कोण घालतं ते काय मला ठाऊक नाही? ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, असेल काही बायकांचं. हे बसणं मात्र आज कळलं." त्यांनी टोपी काढली आणि कपाळ पुसलं. कितीतरी दिवसांनी त्यांना मी बाहेर बिनटोपीचं बघत होते. "तिला सांगू नकोस."

"का?"

"तिला सोबत हवी आहे ना? मग राहू दे."

आम्ही सावकाश उतरलो. कुत्रं मागून आलं, त्याला त्यांनी हाड् केलं नाही. वाटेत दोनदा बसलो, पेंडशांच्या पुलियावर मी न सांगता पुरेसा वेळ बसले. घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. "कुठे होतात?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, "इथेच. जरा पाय मोकळे करून आलो." हे शब्द बाबांच्या तोंडून! आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, आणि "बरं," म्हणून आत गेली. पुढच्या बाईला तिने हळदीच्या आधीच कुंकू लावलं आणि तिथेच थोडी हसली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता आणि दोघांबद्दल फार माया वाटत होती.

रथसप्तमी झाली की बोलावणं संपतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अभ्यासाचं पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत बसले. दुपार कलली. बाबा वर्तमानपत्रात होते. आई बाहेर आली, तिच्या हातात स्टीलची एक वाटी होती. "साळवेबाईंनी काल यातून केक आणला होता," ती म्हणाली. "परत द्यायला हवी. रिकामी कशी देऊ, म्हणून थोडा शिरा केलाय. पण ती कुत्री..." बाबा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "थांब. काठी घेतो." साळवेबाईही रिकामी वाटी परत पाठवणाऱ्यांतल्या नव्हत्या. ती वाटी त्या चढावरून वर्षानुवर्षं खालीवर होत राहिली, कधी लाडू, कधी लोणचं, नाताळात करंज्या. होळीच्या आसपास बाबा ऑफिसला जाऊ लागले. मैदानावर पुढे उभं राहायचं काम चोपडाजींनी घेतलं होतं, आणि ते बाबांनी परत मागितलं नाही. ते कडेकडेने मैदानाला फेऱ्या घालायचे आणि चोपडाजींचा गुडघा वाकला की तिथूनच ओरडायचे.

बाबा त्यानंतर पुष्कळ जगले. ते गेले तेव्हा मी माझ्या संसारात मयूर विहारला होते, आणि त्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. एकदा तांदूळ निवडताना ती आपणहून म्हणाली, "त्या वर्षी मी त्यांना किती फिरवलं, निमे. कुत्र्यांची भीती म्हणून सांगितलं होतं. शेवटपर्यंत कळलं नाही हो त्यांना." तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी म्हटलं, "बिल्कुल नाही." वचनही पाळलं गेलं आणि खोटंही बोलले, दोन्ही त्याच दोन शब्दांत.

पुढे ती बाहेर पडेनाशी झाली. गुडघे दुखतात, चार जिने कोण चढेल, कुणाकडे जायचंय आता, असं करत करत ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मी डॉक्टरांचं सांगणं सांगून पाहिलं, लेकीने व्यायामाचे व्हिडिओ दाखवून पाहिले. आई "उद्या बघू," म्हणायची. एका संध्याकाळी मी पिशवी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "आई, मेट्रोच्या पुलाखाली भाजी घ्यायला जायचंय. एकटीला नको वाटतं. जरा सोबत चल ना." तिने मान वर केली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी पिशवीकडे बघत होते. मग ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन सावकाश उठली आणि पायाने चपला शोधू लागली.

"कुत्री आहेत का गं तिकडे?" तिने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "फार झालीत."